तू कोणत्या मंडळीचा?

महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जात धर्माच्या रकान्यात 'ख्रिश्चन' हा शब्द लिहायला मला क्षणभरही लागत नाही. त्या शब्दावरून वर्गमित्र जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरेही आता तोंडपाठ झाली आहेत. "तुमच्या घरी इंग्रजी बोलतात का रे?" नाही, माझ्या आजीला इंग्रजीचे अक्षरही येत नव्हते. "नाताळला केक आणशील ना?" केक नाही, करंज्या आणीन; आमच्याकडे त्याच होतात.

आम्ही मराठी ख्रिस्ती लोक संख्येने थोडे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. पण या भाषेत आम्ही उपरे नाही. फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, 'ज्ञानोदय' १८४२ साली सुरू झाला. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे. आणि २०२० साली धाराशिवला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे एक धर्मगुरू, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. एवढे सांगितले की प्रश्न विचारणारा गप्प होतो आणि मलाही वाद जिंकल्यासारखे वाटते.

परंतु एका प्रश्नाला माझ्याकडे दोन वर्षे उत्तर नव्हते. तो कोणा परधर्मीयाने विचारलेला नव्हता. सुटीत गावी गेलो की आमच्या मंडळीतील एक वडीलधारे गृहस्थ हमखास विचारत, "शहरात कोणत्या मंडळीत जातोस?" मी मान खाली घालून "अभ्यास फार असतो, काका" असे काहीतरी पुटपुटत असे.

जे वाचक ख्रिस्ती नाहीत, त्यांच्यासाठी 'मंडळी' या शब्दाविषयी दोन शब्द सांगतो. आपण म्हणतो, "पाहुणे मंडळी आली", "घरची मंडळी कशी आहेत?" मराठी बायबलमध्ये चर्चसाठी हाच शब्द वापरला आहे. म्हणजे मंडळी ही इमारत नव्हे; ती माणसे. विटांची भिंत आपल्याला कधी लागट बोलत नाही, माणसे बोलतात. माझी तक्रारही माणसांशीच होती.

ती तक्रार स्पष्टच सांगतो. आमची मंडळी जिल्ह्यातील एका खेड्यातली. पन्नास-साठ घरे. रविवारी सर्वजण एकाच सतरंजीवर बसतात, एकाच ताटातली भाकर आणि एकाच प्याल्यातला रस घेतात. पण माझ्या ताईचे स्थळ याच मंडळीतल्या एका घरी सुचविले, तेव्हा तिकडून हळूच निरोप आला, "तुम्ही मूळचे कोण?" आमच्या कुटुंबाचा बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या. तरी ते 'मूळ' उकरून काढले गेले आणि स्थळ मोडले. प्रभुभोजनाला चालणारा हात लग्नाच्या मांडवात चालेना! त्या दिवशी मी मनाशी ठरविले की ख्रिस्त माझा. मंडळी माझी नाही.

आणि माझ्या बाजूने बोलायला साक्षीदारही थोर होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पुष्कळ वर्षे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले आणि १९१७ साली मिशन सोडले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन पंथात झाला, पण कोणत्याही एका पंथाच्या दावणीला त्या बांधल्या गेल्या नाहीत. टिळक आणि रमाबाई जर चौकट ओलांडू शकतात, तर माझ्यासारख्या विद्यार्थ्याने रविवारी सकाळी खोलीवर झोपून राहिल्यास काय बिघडले, असा माझा युक्तिवाद असे.

हा युक्तिवाद किती लंगडा आहे, हे टिळकांविषयी नीट वाचले तेव्हा कळले. मिशन सोडल्यावर टिळक एकटे राहिले नाहीत. त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना. म्हणजे मंडळी अपुरी वाटली म्हणून त्यांनी अधिक मोठी मंडळी मागितली. रमाबाईंचेही तसेच. पंथ नको म्हणणाऱ्या या बाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो निराधार स्त्रियांचा संसार मांडला. मी मात्र सोडून गेलो आणि कुठेच पोहोचलो नाही. त्यांच्या बंडाचा उपयोग मी माझ्या आळसाला पांघरूण म्हणून करीत होतो.

आणखी एक गोष्ट. टिळकांनी मिशन सोडले, पण त्यांची गीते मंडळ्यांनी सोडली नाहीत. 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकात ती आहेत आणि खेड्यापाड्यांतून पेटी-तबल्यावर आजही गायिली जातात. ज्याने दार ओढून घेतले त्याचाच आवाज आत घुमत राहावा, हे मला मोठे बोलके वाटते. वारकऱ्याला पंढरपूर एकट्याने गाठता येत नाही असे नाही. तरी तो दिंडीतून जातो. तुकोबांवर अपार प्रेम करणाऱ्या टिळकांना हे कोणी शिकवायला नको होते.

पण पुस्तकाने पटले तरी पाय हलतातच असे नाही. माझे पाय हलले ते आजी गेली तेव्हा. गेल्या पावसाळ्यात ती पंधरा दिवस तालुक्याच्या दवाखान्यात होती. रात्री तिच्या उशाशी कोणी बसायचे याच्या पाळ्या मंडळीतल्या बायकांनी आपसांत लावून घेतल्या होत्या. आम्हांला कोणाला सांगावे लागले नाही. ती गेली त्या दिवशी पाऊस थांबत नव्हता. आमच्या गावी कबर खणायला मजूर लावीत नाहीत, मंडळीतले पुरुष खणतात. मी पोहोचलो तेव्हा खड्ड्यात गुडघाभर चिखलात उभे राहून एक गृहस्थ घमेल्याने पाणी उपसत होते. ताईच्या स्थळाला नकार पाठविणारे तेच. मला पाहून म्हणाले, "बाळ, तू वर थांब. घसरशील."

वाचकहो, या प्रसंगाने सगळे मिटले असे मी म्हणणार नाही. त्यांनी चिखल उपसला म्हणून त्यांचा तो प्रश्न क्षम्य ठरत नाही. ताईच्या डोळ्यांतले पाणी मी विसरलेलो नाही. पण एवढे मात्र समजले की ज्या माणसाशी माझे भांडण आहे, तो माझा आहे. त्याला "काका, तुम्ही चुकलात" असे तोंडावर सांगण्याचा हक्क मला पाहिजे असेल, तर मला त्या सतरंजीवर बसावे लागेल. शहरातल्या खोलीत पडून केलेली टीका त्यांच्या कानापर्यंतच जात नाही.

आणि ती टीका करणे आवश्यक आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदू, आणि पुढे केलेल्या दुरुस्त्यांनी १९५६ पासून शीख व १९९० पासून बौद्ध यांनाच मिळतो. ख्रिस्ती झालेल्यांना नाही. धर्मांतराने जात सुटत नाही, तिचे चटके आम्हांलाही बसतात, असे आमचे पुढारी सरकारला सांगतात. ते खरेच आहे. पण मोर्च्यात जातीचे चटके सांगायचे आणि रविवारी "आमच्यात जात नाही" म्हणायचे, हे किती दिवस चालणार? लक्ष्मीबाई टिळकांनी जातिभेद माणसाने केला हे ओळखून तो आधी टाकला आणि बाप्तिस्मा मागाहून, १९०० साली घेतला. आम्ही बाप्तिस्मा आधी घेतला; दुसरे काम अजून बाकी आहे. ते कायद्याने होणार नाही आणि मुंबई-दिल्लीच्या परिषदांनीही होणार नाही. पन्नास-साठ घरांच्या मंडळीत, एकेका स्थळाच्या वेळीच ते व्हायचे आहे.

म्हणून माझे मत असे की ख्रिस्ती असणे ही अर्जाच्या रकान्यात मावणारी गोष्ट नाही, आणि नुसती अंतःकरणात जपून ठेवण्याचीही नाही. ती कोणत्या तरी एका गावच्या, एका गल्लीतल्या, पेटीचे सूर बिघडलेल्या मंडळीत राहून सिद्ध करावी लागते. माझ्या हिंदू, बौद्ध आणि मुसलमान मित्रांनाही हे परके वाटू नये. "मी मानतो, पण जात नाही" असे म्हणणारे आपल्या सर्वांच्याच घरी आहेत.

गेले काही महिने मी शहरातल्या एका लहानशा मंडळीत जाऊ लागलो आहे. नाव मात्र गावच्या यादीतच ठेवले आहे, आणि ते मुद्दामच. कापणीच्या सणाला सारी मंडळी जमते, ज्वारीच्या पायल्यांचा आणि भोपळ्यांचा लिलाव होतो, आणि नंतर सभा भरते. यंदाच्या सभेत 'मूळचे कोण' हा विषय मी मांडणार आहे. पुष्कळांना आवडणार नाही. कदाचित मला खाली बसायला सांगतील. बसेन, पण तिथेच, त्याच सतरंजीवर बसेन.

— तृतीय वर्ष, कला