शब्दाची किंमत कोणी मोजायची?

कॅडेट मित्रांनो, दिलेला शब्द पाळावा हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. घरी आजी-आजोबांकडून तुम्ही ते ऐकले आहे आणि इथे परेड ग्राउंडवर रोज ऐकता. मला लिहायचे आहे ते त्याच्या पुढचे. शब्द पाळताना किंमत मोजावी लागते. ती कोणी मोजायची? मी ख्रिस्ती आहे. या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या धर्मग्रंथात जसे सापडले तसे मांडतो. ते पटायला ख्रिस्तीच असले पाहिजे असे नाही.

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू शपथांविषयी बोलला आहे. त्या काळी लोक स्वर्गाची, पृथ्वीची, यरुशलेमेची, अगदी स्वतःच्या डोक्याचीही शपथ वाहत. कोणती शपथ बांधून ठेवते आणि कोणती मोडली तरी चालते, याचे बारीक हिशेब ठरलेले होते. मंदिराची शपथ घेतली तर सुटका, मंदिरातल्या सोन्याची घेतली तर नाही! येशूने हा हिशेबच मोडीत काढला. शपथ वाहूच नका, तुमचा साधा होकार आणि साधा नकार पक्का असू द्या, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे.

आपल्या डॉर्मिटरीत वेगळे काय चालते? ‘आईशप्पथ’ म्हटले तर खरे, ‘देवाशपथ’ म्हटले तर जास्त खरे, आणि नुसते ‘हो’ म्हटले तर सोयीप्रमाणे. ज्याला प्रत्येक वाक्याला शपथेचा टेकू लावावा लागतो, त्याचे बाकीचे बोलणे कच्चे आहे हे त्यानेच कबूल केलेले असते.

या शिकवणीमुळे क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी इंग्लंडमध्ये न्यायालयातही शपथ घ्यायला नकार दिला आणि त्यासाठी तुरुंगवास सोसला. आपल्या राज्यघटनेतही ‘ईश्वरसाक्ष शपथ’ आणि ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ असे दोन्ही पर्याय ठेवलेले आहेत. बहुतेक ख्रिस्ती मात्र शपथ घेतात, कसम परेडला ख्रिस्ती जवान बायबलवर घेतो तशी. पण त्या एका दिवसाच्या शपथेत बळ येते ते आधीच्या आणि नंतरच्या हजार साध्या होकारांमुळे.

आता किंमतीचा प्रश्न. बायबलमधल्या १५व्या स्तोत्रात देवाच्या मंडपात कोणाला जागा मिळेल असे विचारून काही गुण सांगितले आहेत. त्यांत एक आहे: स्वतःचे नुकसान झाले तरी शब्द न फिरवणारा. इथे ‘स्वतःचे’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

कारण शब्द पाळणारा एक राजाही बायबलमध्ये आहे, आणि त्याच्यासारखे होऊ नये म्हणून त्याची गोष्ट सांगितली जाते. हेरोदाने वाढदिवसाच्या मेजवानीत एका मुलीच्या नाचावर खूश होऊन सगळ्या सरदारांसमोर शपथ घेतली की, मागशील ते देईन, अर्धे राज्यही देईन. आईच्या सांगण्यावरून तिने तुरुंगात असलेल्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर मागितले. हेरोदाला वाईट वाटले. पण शपथ घेतलेली, पाहुणे बसलेले! त्याने शिपाई पाठवला. शब्द पाळला गेला आणि त्याची किंमत एका निरपराध माणसाने मोजली. याला सचोटी म्हणत नाहीत. पाहुण्यांसमोर आपले नाक खाली होऊ नये म्हणून दुसऱ्याचा बळी देणे, एवढेच ते होते.

याच्या उलट एक खेळाडू पाहा. स्कॉटलंडचा धावपटू एरिक लिडेल १९२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरसाठी ब्रिटनची मोठी आशा होता. प्राथमिक फेरी रविवारी होती आणि रविवार हा प्रभूचा दिवस, त्या दिवशी धावायचे नाही, हे त्याने मनाशी पक्के केले होते. वेळापत्रक काही महिने आधीच कळले होते. दडपण आले, टीका झाली, तरी तो बधला नाही. त्याने ४०० मीटरची तयारी केली आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. पण पदक मिळणार आहे हे ठाऊक असून त्याने १०० मीटर सोडलेली नव्हती. नुकसान होणार होते ते त्याचे स्वतःचे. इतरांनीही रविवारी धावू नये असा हट्ट त्याने धरला नाही.

पुढे तो मिशनरी शिक्षक म्हणून चीनला गेला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला इतर परदेशी नागरिकांबरोबर वेइशिएन इथल्या छावणीत डांबले. तिथे आईवडिलांपासून दूर पडलेली शाळकरी मुले होती. लिडेल त्यांना शिकवी, त्यांचे खेळ घेई, मात्र रविवारी नाही. एकदा मुले रविवारी आपली आपणच हॉकी खेळू लागली आणि पंच नसल्याने मारामारीवर आली. त्यानंतर रविवारीही पंच म्हणून लिडेल मैदानावर उतरला. सुवर्णपदकाची संधी समोर असताना जो नियम त्याने सोडला नाही, तो मुलांसाठी सोडला. मला यात विसंगती दिसत नाही. पॅरिसला नियमाची झळ त्याला बसत होती, छावणीत ती मुलांना बसू लागली. १९४५च्या फेब्रुवारीत त्याच छावणीत आजाराने त्याचा अंत झाला.

आता आपल्याकडे येऊ. समजा, रात्री दिवे मालवल्यावर एखाद्या ज्युनियरला मारहाण झाली. तुम्ही ती पाहिली. मित्र म्हणतो, “कोणाला सांगणार नाहीस, शब्द दे.” तुम्ही दिलात. तो पाळायचा का? माझे मत स्पष्ट आहे: पाळायचा नाही. तो हेरोदाचा शब्द आहे. त्याची किंमत तो ज्युनियर रोज रात्री मोजतो आहे.

“मग मैत्री कुठे गेली? बॅचमेटला दगा द्यायचा?” असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे, कारण सोयीसाठी शब्द मोडणारेही मोठी तत्त्वे सांगतात. म्हणून शब्द मोडण्याआधी स्वतःला विचारा: मोडल्याने मी वाचतो, की दुसरा? मी वाचत असेन तर कितीही जड गेले तरी शब्द पाळायचा. दुसरा वाचत असेल तर मोडायचा, आणि त्याची झळही आपणच सोसायची. मित्राला तोंडावर सांगायचे, “हे मी हाऊसमास्टरांना सांगणार आहे, तूही चल.” तो चार महिने बोलला नाही तर तेही सोसायचे. ज्याला मार बसला त्याला मात्र असली कोणतीही अट नाही. त्याने जमेल त्या मार्गाने सांगावे.

डेहराडूनच्या भारतीय सैनिकी अकादमीतील चेटवूड सभागृहात अधिकाऱ्याच्या कर्तव्यांचा क्रम कोरलेला आहे. आधी देश, मग हाताखालचे जवान, शेवटी आपण स्वतः. या क्रमात बॅचमेटची अब्रू ज्युनियरच्या सुरक्षेच्या आधी कुठेच येत नाही.

हे आम्हा मोठ्यांनाही लागू आहे. “खरे सांग, शिक्षा करणार नाही,” असे म्हणून खरे ऐकल्यावर शिक्षा करणारा प्रशिक्षक साऱ्या वर्गाला खोटे बोलायला शिकवतो. “पुढच्या महिन्यात नक्की भेटायला येतो,” असे फोनवर सहज म्हणणाऱ्या पालकांनी लक्षात ठेवावे, इथे कोणीतरी त्या तारखेवर खूण करून ठेवतो. येणे जमणार नसेल तर ‘नाही’ म्हणावे. खरा नकार मूल पचवते.

आणि कोणाचा शब्द भीतीपोटी मोडला गेला असेल, तर त्याने पेत्राची आठवण ठेवावी. मरण आले तरी तुला नाकारणार नाही, असे त्याने येशूला सांगितले होते. त्याच रात्री त्याने तीनदा नाकारले, तेही शपथा वाहून. तो फार रडला, पण परत आला. येशूने त्याला पुन्हा नवी शपथ घ्यायला लावली नाही. माझ्यावर प्रेम आहे का, एवढेच तीनदा विचारले आणि माझी मेंढरे सांभाळ म्हणून काम सोपवले. ज्याचा शब्द मोडला आहे त्याने मोठे वचन देण्याच्या भरीस पडू नये. आज रात्री आपल्या हाऊसमधल्या सर्वांत लहान कॅडेटला नीट झोप लागते आहे का, एवढे पाहावे.