दीडशे शब्दांत गाव

साप्ताहिक स्तंभ : गाव आणि सभागृह

गेल्या आठवड्यात न्हावा शेवा परिसरातल्या एका कोळीवाड्यात गेलो होतो. देवळाच्या मंडपात पाचसहा बायका बसल्या होत्या आणि मधोमध एक जाड प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीत एका कुटुंबाचे चाळीस वर्षांचे कागद. जुन्या घरपट्टीची पावती, घडीवर फाटलेला सातबारा, पंचनाम्याची पुसट झेरॉक्स, वेगवेगळ्या साहेबांना दिलेल्या अर्जांच्या पोचा. सगळ्यात वर खासदारांना द्यायचे नवे निवेदन. टाईप केलेली दोन पाने, अकरा मागण्या. ‘‘दादा, नीट झालंय का बघा,’’ असे म्हणत मंडळाच्या अध्यक्षबाईंनी ते माझ्या हातात दिले.

मी दोनदा वाचले. अकराच्या अकरा मागण्या खऱ्या होत्या. पुनर्वसनाची जागा, वाळवी लागलेली घरे, भरावामुळे आटलेली खाडी, पोरांना बंदरात नोकऱ्या, गावातून जाणारे कंटेनरचे ट्रेलर, शाळेची इमारत. तरीही या कागदातून संसदेत काही पोचणार नाही, हे मला त्यांना सांगावे लागले. सांगताना जड गेले.

लोकसभेत मंत्र्याला विचारायचा प्रश्न साधारण दीडशे शब्दांच्या आत बसवावा लागतो. त्यासाठी पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते. दिवसाला जेमतेम वीस तारांकित प्रश्न यादीत येतात. त्यांतलेही मोजकेच सभागृहात तोंडी उत्तरापर्यंत जातात, बाकीच्यांची लेखी उत्तरे पटलावर जातात. नियम 377 खाली मजकूर वाचायचा तर त्याला अडीचशे शब्दांची हद्द. शून्य प्रहरात बोलायचे तर आधी चिठ्ठीत नाव निघायला हवे, आणि तिथे मांडलेल्या विषयावर उत्तर देण्याचे बंधन सरकारवर नाही. गावाचे चाळीस वर्षांचे गाऱ्हाणे या चौकटीत बसवायचे म्हणजे एकच बोट, एकच जखम आणि एकच मंत्री निवडावा लागतो. अकरा मागण्यांचे निवेदन घेऊन खासदार काय करणार? पुढे पाठवणार. पुढचे खाते त्याच्या पुढच्या खात्याला पाठवणार.

न्हावा शेव्याला तर हे आणखी अवघड जाते, आणि त्याचे कारण या जागेच्या घडणीतच आहे. न्हावा आणि शेवा ही मुळात दोन वेगळी गावे, एक पनवेल तालुक्यातले, एक उरणमधले. बंदराने त्यांची नावे जोडली. बंदर केंद्राचे, जमीन संपादन करणारे खाते राज्याचे, भोवतालचे शहर 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोचे. किनाऱ्याच्या परवानग्या पर्यावरण मंत्रालयाच्या, कांदळवन राज्याच्या वन खात्याचे. खाडीत वाण लावणाऱ्या कोळ्याच्या जाळ्यात मासळी आली नाही, तर त्याने जायचे कुठे? लोकसभेच्या नियमांत एक स्पष्ट अट आहे : जो विषय मुख्यत्वे केंद्र सरकारच्या अखत्यारीतला नाही, त्यावर प्रश्न स्वीकारला जात नाही. म्हणून ‘आमच्या भूखंडाचे काय झाले’ हा साधा प्रश्न दिल्लीत राज्याचा ठरतो आणि मुंबईत केंद्राच्या बंदराचा. दोन्ही उत्तरे नियमाला धरून असतात, आणि माणूस मधल्या चिखलात उभा राहतो.

ही फट बुजवण्याचे काम एका माणसाने आयुष्यभर केले. दिनकर बाळू पाटील, म्हणजे सगळ्यांचे दि. बा. 1926 साली जासईत जन्म, शेतकरी कामगार पक्ष, पनवेलमधून पाच वेळा आमदार, विधानसभेत विरोधी पक्षनेतेपद, आणि तेव्हाच्या कुलाबा मतदारसंघातून दोनदा खासदार : 1977 ला आणि पुन्हा 1984 ला. यातल्या दुसऱ्या निवडणुकीचे वर्ष लक्षात ठेवावे असे आहे. त्याच वर्षीच्या जानेवारीत, 16 आणि 17 तारखेला, जमिनीच्या आंदोलनावर गोळीबार झाला. चिर्ले, धुतूम आणि पागोटे या गावांचे पाच जण हुतात्मा झाले. डिसेंबरमध्ये निवडणूक आली, तेव्हा इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसने महाराष्ट्रातल्या 48 पैकी 43 जागा घेतल्या. उरलेल्या पाचांत कुलाब्याची एक होती. आगरी-कोळी गावांनी आपला माणूस दिल्लीला पाठवला तो अशा वेळी.

दिबांची आठवण काढताना आपण त्यांचा मोर्चा आठवतो, आवाज आठवतो. मला त्यांच्यातला कामकाज जाणणारा माणूस जास्त मोलाचा वाटतो. वकिलीचे शिक्षण, तालुक्याच्या सातबाऱ्याची माहिती, विधानसभेचा वीस वर्षांहून अधिक अनुभव आणि मग लोकसभा. राज्याच्या खात्याने कुठे हात झटकले हे त्यांना ठाऊक होते, म्हणून केंद्रात नेमके कुठे बोट ठेवायचे हेही ठाऊक होते. प्रकल्पासाठी जमीन देणाऱ्याला रोख मोबदल्याबरोबरच विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा परत, हे तत्त्व त्या लढ्यातून आले. आज देशात कुठेही भूसंपादनाची चर्चा निघाली की या साडेबारा टक्क्यांचा दाखला देता येतो, आणि तो उरण-पनवेलच्या खाजणातून आलेला आहे.

आता दुसरी बाजू. बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झाले. त्या बंदरासाठी जमीन दिलेल्यांना साडेबारा टक्क्यांची इरादापत्रे पंतप्रधानांच्या हस्ते मिळाली ती 16 ऑगस्ट 2014 रोजी. मधली पंचवीस वर्षे! गोळीबारापासून मोजली तर तीस. दि. बा. त्याच्या आदल्या वर्षी, 24 जून 2013 ला गेले. आणि इरादापत्र म्हणजे नुसता इरादा; त्याच्यानंतर प्रत्यक्ष भूखंड, रस्ता, पाणी, वारसनोंद हे सगळे यायचेच असते. या पंचवीस वर्षांत सात लोकसभा आल्या आणि गेल्या. माझे म्हणणे असे की एवढा उशीर भाषणे कमी पडल्यामुळे होत नाही. दिलेल्या शब्दाचा माग काढणारे कोणी नसले की होतो.

मंत्री जेव्हा सभागृहात ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ किंवा ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ असे सांगतो, तेव्हा ते आश्वासन म्हणून नोंदले जाऊ शकते. लोकसभेची शासकीय आश्वासन समिती आहे, पंधरा खासदारांची. नोंदलेले आश्वासन तीन महिन्यांत पुरे करायचे असते, नाही तर खात्याला मुदतवाढ मागावी लागते, कारण द्यावे लागते. गावातल्या एकाही कार्यकर्त्याच्या तोंडी मी आजवर या समितीचे नाव ऐकलेले नाही. याचिका समितीचेही तेच. खासदाराची प्रतिस्वाक्षरी घेऊन सामान्य नागरिकांची याचिका सभागृहासमोर जाऊ शकते. ही दारे लोकांसाठीच ठेवलेली आहेत, पण त्यांच्यापर्यंतची वाट गावाला कोणी दाखवत नाही.

त्याऐवजी गावाच्या मोबाईलवर येते ती दीड मिनिटाची चित्रफीत. साहेब उभे आहेत, मागे हिरवे बाक, ‘मेरे क्षेत्र के मछुआरे’ असे शब्द, खाली पक्षाचे चिन्ह. गावाला बरे वाटते, आणि ते वाटण्यात चूक काही नाही. आपल्या खाडीचे नाव देशाच्या सभागृहात उच्चारले जाणे ही लहान गोष्ट नव्हे. पण त्या फितीखाली पुढच्या महिन्यात मंत्रालयाचे पत्र आले का, काय आले, हे कोणी टाकत नाही, आणि आपणही मागत नाही.

शेव्याच्या कोळ्यांचे उदाहरण घ्या. बंदरासाठी त्यांचा वाडा हलवला, उरणजवळ पुनर्वसन केले. ती घरे वाळवीने पोखरली. तिथल्या हनुमान कोळीवाड्यातली ही माणसे नीट पुनर्वसनासाठी पिढी उलटली तरी भांडत आहेत, कधी कचेरीच्या पायरीवर, कधी होड्या घेऊन जहाजांच्या वाटेवर. इकडे मासेमारीच्या नुकसानीचा न्याय मागणाऱ्यांना शेवटी हरित न्यायाधिकरणात जावे लागले. 27 फेब्रुवारी 2015 रोजी पुण्याच्या खंडपीठाने 1,630 कुटुंबांना 95 कोटी 19 लाख रुपये देण्याचा आदेश दिला, आणि बोजा बंदर, सिडको व ओएनजीसी यांच्यात वाटून दिला. म्हणजे एका खाडीचे तीन वाटेकरी आहेत हे एका न्यायपीठाने आकड्यांत मांडून दाखवले. हे काम सभागृहातही होऊ शकते. त्यासाठी एकच प्रश्न तीन मंत्र्यांना तीन वेगवेगळ्या वारी विचारायला लागतो, कारण प्रत्येक मंत्रालयाचा उत्तराचा दिवस ठरलेला असतो. आणि तीन उत्तरे शेजारी ठेवून वाचायला लागतात.

सभागृह आणि शेत यांची सांगड या मुलखाला नवी नाही. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध 1933 पासून सहा वर्षे शेती न कसता संप चालवला. तो चालू असतानाच, सप्टेंबर 1937 मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि जानेवारी 1938 मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. ते विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर. पण ज्या मजकुराने पुढच्या सरकारांना बांधले, तो आधी सभागृहाच्या पटलावर लिहून ठेवलेला होता. गावाचे म्हणणे कामकाजात छापून राहिले की ते मरत नाही.

माझी सूचना साधी आहे. मावळ मतदारसंघाची रचना विचित्र आहे : घाटाखालचे पनवेल, उरण, कर्जत आणि घाटावरचे मावळ, पिंपरी, चिंचवड. कारखानदारी पट्ट्याचा आणि खाडीकाठच्या कोळ्यांचा खासदार एकच. त्यामुळे उरण आणि पनवेलच्या आमदारांनी खासदारांशी बसून वर्षातून दोनदा जोडप्रश्न ठरवावेत. एकच विषय, त्याच गट क्रमांकांसह, त्याच महिन्यात एकदा विधानसभेत आणि एकदा लोकसभेत. राज्य म्हणाले बंदराकडे जा आणि बंदर मंत्रालय म्हणाले राज्याकडे जा, तर ती दोन्ही उत्तरे एकमेकांसमोर उभी राहतील आणि कोणालाच मागे सरकता येणार नाही. पक्ष वेगळे असले तरी हे करता येते. उत्तर मराठीत करून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे, कारण ते येते इंग्रजीत आणि हिंदीत.

हे आज निकडीचे आहे, कारण हाच प्रश्न आता वर सरकतो आहे. पालघरच्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने 19 जून 2024 रोजी मंजुरी दिली, 76 हजार 220 कोटींचा प्रकल्प. त्यात 74 टक्के वाटा न्हावा शेव्याच्याच बंदर प्राधिकरणाचा आहे. वाढवण, वरोर, धाकटी डहाणूचे मच्छीमार विचारतात की शेव्याच्या कोळ्यांचे काय झाले. हा प्रश्न केंद्राच्याच अखत्यारीतला आहे, तो नाकारता येणार नाही. पालघर आणि मावळ, दोन्ही खासदारांनी तो मिळून विचारावा : जुन्या बंदराने विस्थापित केलेल्या मच्छीमारांची कुटुंबे किती, त्यांतल्या कितींचे पुनर्वसन पुरे झाले, उरलेल्यांचे कोणत्या तारखेपर्यंत होणार.

त्या दिवशी मंडपात आम्ही हेच केले. अकरा मागण्यांतली एक निवडताना वाद झाला. एका बाईला शाळा हवी होती, दुसरीला ट्रेलर बंद व्हायला हवे होते; गेल्या वर्षी तिच्या भाच्याला ट्रेलरने उडवले होते. ती बराच वेळ बोलली आणि कोणी तिला थांबवले नाही. मग तीच म्हणाली, ‘‘आधी घराचं लिवा. घर असल तं बाकीचं मागता येल.’’ पिशवीतले कागद जमिनीवर मांडून तारखा जुळवल्या. एका पंचनाम्यावर शिक्का होता पण वर्ष पुसलेले. शेजारच्या घरून दुसरी प्रत आणली, तिच्यावर ते दिसले. दोन तास लागले. शेवटी वहीच्या एका पानावर चार उपप्रश्न उतरले. मी शब्द मोजले, एकशे अठ्ठेचाळीस.

पुढच्या अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की त्या हे पान घेऊन खासदारांच्या कार्यालयात जाणार आहेत. सोबत दुसरी प्रत असेल, पोच घेण्यासाठी. पिशवीत तिच्यासाठी त्यांनी वेगळा कप्पा केला आहे.