मान दुखते – दोष कोणाचा?



हा लेख वाचताना तुमची मान कशी आहे? बहुधा ती पुढे वाकलेली असेल. असू द्या. घाईघाईने ताठ बसण्याचे कारण नाही. मात्र लेख संपेपर्यंत ती तशीच राहते की मधूनमधून हलते, याकडे थोडे लक्ष ठेवा. आजचा आपला विषय तोच आहे.

मोबाइल हातात घेतलेल्या मुलाला घरोघरी एक वाक्य ऐकावे लागते : ‘ठेव तो मोबाइल, मान वाकडी होईल!’ तोच मुलगा वही-पुस्तकावर तीन तास डोके खाली घालून बसला की मात्र पाहुण्यांना कौतुकाने सांगितले जाते, ‘अगदी मान मोडून अभ्यास करतो हो!’ दोन्ही वेळी मान तीच आणि तिचा कोनही जवळजवळ तोच. मग एकदा मान बिघडते आणि दुसऱ्यांदा बिघडत नाही, असे कसे होईल? मानेला पडद्यावरचा खेळ आणि कागदावरचे बीजगणित यांतला फरक कळत नाही. म्हणून दोष कोणाचा हे ठरवण्यापूर्वी आपण थोडे विज्ञान पाहू.

आपल्या डोक्याचे वजन साधारण ४.५ ते ५ किलोग्रॅम असते. ते मानेच्या सात मणक्यांवर तोललेले असते. जिराफाच्या लांबलचक मानेतही मणके सातच असतात! कवटी जिथे पहिल्या मणक्यावर टेकते, तो झाला टेकू. डोक्याचा गुरुत्वमध्य या टेकूच्या किंचित पुढे असतो आणि मानेच्या मागचे स्नायू डोके मागून ओढून धरतात. टेकू मध्ये, एका बाजूला भार, दुसऱ्या बाजूला बल. पहिल्या प्रकारच्या तरफेचे यापेक्षा जवळचे उदाहरण कुठे मिळणार? वर्गात डुलकी लागली की डोके पुढेच का पडते, तेही आता लक्षात येईल. मागचे स्नायू सैल पडतात आणि भाराची बाजू जिंकते.

मान जितकी पुढे वाकवावी, तितके भाराचे टेकूपासूनचे अंतर वाढते आणि स्नायूंना अधिक बल लावावे लागते. केनेथ हंसराज या अमेरिकी शल्यचिकित्सकाने २०१४ साली याचे गणित मांडले. मान ६० अंश वाकली तर मानेवर येणारा भार सुमारे २७ किलोग्रॅम वजनाइतका होतो, असे त्याचे उत्तर आले. हा आकडा जगभर गाजला आणि ‘मोबाइलमुळे मानेवर २७ किलोचे पोते’ अशी चित्रेही निघाली. पण हे उत्तर संगणकावरील प्रतिकृतीतून आले होते, कोणाच्या मानेत मापक बसवून नव्हे. शिवाय भार वाढला म्हणजे इजा झाली, असे त्यातून सिद्ध होत नाही. जिना चढताना गुडघ्यांवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, म्हणून काही आपण जिन्याला रोग म्हणत नाही.

मग प्रत्यक्ष माणसे पाहिल्यावर काय दिसले? ऑस्ट्रेलियात १७ वर्षांच्या १,१०८ मुलामुलींची बसण्याची ढब तपासून त्यांचे गट पाडले गेले. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पोक काढून बसणाऱ्यांची मान ताठ बसणाऱ्यांपेक्षा अधिक दुखते, असे त्यात आढळले नाही. ब्राझीलमध्ये १८ ते २१ वर्षांच्या १५० तरुणांची मोबाइल पाहतानाची ढब तपासली गेली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातही मानेची ढब आणि मानदुखी यांचा संबंध दिसला नाही.

म्हणजे मोबाइल निर्दोष सुटला का? तसे नाही. येथे एक साधा प्रयोग करा. एक लिटर पाण्याने भरलेली बाटली हातात घेऊन हात समोर सरळ धरा आणि अजिबात हलवू नका. काही वेळातच खांदा भरून येईल. आता थोडी विश्रांती घेऊन तीच बाटली सावकाश वरखाली करा. काम चालूच आहे, पण ते अधिक वेळ सोसवते. एकाच स्थितीत आखडून राहिलेल्या स्नायूतील रक्तप्रवाहाला अडथळा होतो. आलटून पालटून आखडणाऱ्या व सैल होणाऱ्या स्नायूला रक्त मिळत राहते. मोबाइलची खरी गोम येथे आहे. तो मान वाकवतो यापेक्षा तो तुम्हांला हलू देत नाही, हे महत्त्वाचे. एक चित्रफीत संपते न संपते तोच दुसरी सुरू होते. पुस्तकाचे पान तरी उलटावे लागते! शिवाय मोबाइल खेळाचा वेळ खातो आणि झोपही खातो. अपुरी झोप आणि मनावरचा ताण यांनीही वेदना अधिक जाणवते.

हे दुखणे नवे नाही. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. दिवसभर वाकून बसणाऱ्या शिंप्यांच्या आणि मोच्यांच्या पाठीची तक्रार त्याने त्यात नोंदवली. निदान सुटीच्या दिवशी तरी त्यांनी व्यायाम करावा, असा त्याचा सल्ला होता. तीनशे वर्षांत उपकरण बदलले; सल्ला बदलण्याची फारशी गरज पडलेली नाही.

आजच्या भौतिकोपचाराचा, म्हणजेच फिजिओथेरपीचा, भरही व्यायामावरच आहे. आपल्याकडे या विषयाचे शिक्षण १९५० च्या दशकात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले. पोलिओने लुळे पडलेले स्नायू पुन्हा कामाला लावणे, ही तेव्हाची निकड होती. मानदुखीसाठी भौतिकोपचारतज्ज्ञाकडे गेलात तर तो आधी प्रश्न विचारील, मान किती वळते ते पाहील, हातांतील जोर आणि संवेदना तपासील. मग व्यायाम शिकवील. हनुवटी सरळ मागे घेणे, खांद्यांची पाती एकमेकांजवळ आणणे, तळहात कपाळावर ठेवून डोक्याने तो पाच सेकंद दाबणे आणि मान न हलू देणे – असे हे साधे व्यायाम असतात. हळूहळू त्यांतला जोर वाढवायचा असतो. शेक आणि मालीश यांनी बरे वाटते, पण स्नायूंना बळ येते ते काम केल्यानेच. गळ्यात कायम पट्टा बांधून बसणाऱ्याचे स्नायू तर आळशीच होतात.

डेन्मार्कमध्ये मान व खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ प्रौढांवर एक प्रयोग झाला. काहींनी रबरी नळी ताणण्याचा व्यायाम रोज दोन मिनिटे केला, काहींनी बारा मिनिटे, तर काहींना केवळ माहिती दिली गेली. दहा आठवड्यांनी व्यायामाच्या दोन्ही गटांतील वेदना कमी झाल्या. हा प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. लक्षात घ्या, रोज केवळ दोन मिनिटे!

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. केस कापून झाल्यावर मानेला झटका देऊन कडाका काढण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ती कोणाकडूनही करून घेऊ नका. मानेतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात आणि अशा झटक्याने क्वचित त्यांना इजा होऊ शकते. तसेच पडल्यावर मान दुखू लागली, हाताला मुंग्या येऊ लागल्या किंवा त्यातला जोर गेला, अथवा तापाबरोबर मान आखडली, तर घरगुती व्यायाम न करता ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जो व्यायाम रुग्णालयात औषध म्हणून दिला जातो, तो शाळेच्या वेळापत्रकात आधीपासूनच आहे. त्याचे नाव खेळाचा तास. पण परीक्षा जवळ आली की पहिली कुऱ्हाड पडते ती त्याच्यावर! गणिताचा भाग अपुरा राहिला, घ्या खेळाचा तास. विज्ञानाची उजळणी राहिली, घ्या खेळाचा तास. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे घाम काढणारी हालचाल हवी. शाळेत सहा-सात तास बसायचे, मग शिकवणीला बसायचे, मग घरी अभ्यासाला बसायचे, आणि शेवटी मान दुखली की सारा दोष मोबाइलच्या माथी मारायचा, हा न्याय नव्हे. त्या दुखण्यात आम्हा मोठ्या माणसांचाही वाटा आहे.

शिक्षकांना म्हणूनच विनंती आहे. खेळाचा तास दुसऱ्या विषयाला देऊ नका. दोन तासांच्या मध्ये साऱ्या वर्गाला दोन मिनिटे उभे करा. खांदे फिरवू द्या, मान सावकाश डावी-उजवीकडे वळवू द्या. लेझीम, खोखो, सूर्यनमस्कार यांना स्नेहसंमेलनापुरते ठेवू नका. ‘ताठ बस!’ असे ओरडण्याऐवजी ‘चला, जरा उठा’ असे म्हणा. ताठ बसवलेला पुतळाही शेवटी पुतळाच असतो.

आणि तुम्ही? मोबाइल डोळ्यांच्या थोडा जवळ उचलून धरा, कोपरांना आधार द्या. याने ताण थोडा हलका होईल. पण त्यावर विसंबू नका. अर्ध्या तासाने उठा, पाणी पिऊन या, गच्चीवर किंवा अंगणात चार फेऱ्या मारा. संध्याकाळी मैदानावर जा. रात्री झोपताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. पुढच्या आठवड्यात खेळाचा तास कोणी मागायला आले, तर नम्रपणे, पण कारणे देऊन सांगा की हा तास आम्हांला हवा आहे. तरफेचे गणित तर तुम्हांला आता येतेच!

लेख संपला. तुमची मान अजून पहिल्याच जागी असेल, तर आता उठा पाहू.