पोट की पदवी?

बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील वर्तमानपत्रांत दोन दिवस टक्क्यांचा उत्सव चालतो. कोणत्या विभागाने बाजी मारली, मुलींनी मुलांना कितीने मागे टाकले, ह्या मजकुराने रकाने भरतात आणि पेढ्यांचे पुडे रिकामे होतात. परंतु त्याच दिवसांत मुंबईच्या चाळींतून, ठाणे-कल्याणच्या झोपडवस्त्यांतून एक निराळीच परीक्षा सुरू होते, आणि तिचा निकाल कोठेही छापून येत नाही. उत्तीर्ण झालेल्या मुलाच्या एका हातात कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज असतो आणि दुसऱ्या हातात नोकरीचे आश्वासन. कोणा मामाने वा शेजाऱ्याने मालकाकडे शब्द टाकलेला असतो. दुकानात, गोदामात, कॉल सेंटरात वा कुरियरच्या कचेरीत जागा असते. महिना पंधरा हजार रुपये मिळावयाचे असतात आणि एक तारखेला हजर व्हावयाचे असते. घरात वडिलांचे काम सुटलेले, भाडे थकलेले, पाठच्या बहिणीची शाळा अजून व्हावयाची! अठरा वर्षांच्या पोराने आठ दिवसांत ठरवावयाचे: पोट की पदवी?

ह्या मुलाला उपदेश करणाऱ्यांची मुळीच वाण नाही. एक पक्ष म्हणतो, आधी पदवी घे, तिच्यावाचून जगात कोणी विचारीत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, पदवीचे कागद घेऊन हिंडणारे गल्लोगल्ली आहेत, चालून आलेली नोकरी लाथाडू नकोस. पहिल्या पक्षात बहुधा दोन वेळच्या जेवणाची भ्रांत नसलेली मंडळी असतात. दुसऱ्यात आयुष्यभर पैपैचा हिशेब करीत जगलेली. दोघांच्याही म्हणण्यात अर्धे सत्य आहे. परंतु अर्ध्या सत्यावर कोणाच्या पोराचे पुरे आयुष्य उभे करता येत नाही. म्हणून ह्या प्रश्नाचा दोन्ही अंगांनी विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पदवीची टवाळी करणाऱ्यांच्या हाती अलीकडे एक मोठे हत्यार आले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ साली भारतातील रोजगाराविषयी जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यानुसार २०२२ साली देशातील तरुण पदवीधरांत बेकारीचे प्रमाण शेकडा २९.१ होते, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांत ते अवघे ३.४ होते. पदवीधराची बेकारी निरक्षराच्या जवळजवळ नऊपट! हे आकडे वाचून कोणालाही वाटेल की शिकणे हाच गुन्हा आहे. परंतु आकड्यांच्या मागे माणसे असतात, ती पाहिली पाहिजेत. निरक्षर माणसाला बेकार राहणे परवडतच नाही. तो पहाटे नाक्यावर उभा राहतो आणि मिळेल त्या मजुरीला हात घालतो. पदवीधर आपल्या योग्यतेच्या कामाची वाट पाहत घरच्यांच्या आधारावर काही काळ थांबतो. ह्यावरून सिद्ध होते ते एवढेच की, पदवी आपोआप नोकरी निर्माण करीत नाही. शिक्षण फुकट आहे असे ह्यावरून सिद्ध होत नाही.

शिवाय पदवीवाचून न उघडणारी दारे आजही पुष्कळ आहेत. सरकारी बँकेतील लिपिकाच्या जागेसाठी पदवी लागते. राज्यसेवेच्या परीक्षेला बसण्यासाठी पदवी लागते. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली तरुणांसाठी जी कार्यप्रशिक्षण योजना जाहीर केली, तिच्यात बारावी झालेल्यास दरमहा ६,००० रुपये, आयटीआय वा पदविका झालेल्यास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरविले. पदवीला किंमत नाही असे म्हणणारांस खुद्द सरकारनेच दरमहा चार हजारांचे उत्तर देऊन ठेवले आहे!

आता दुसरी बाजू. पदवीचे शिक्षण स्वस्त आहे, शिष्यवृत्त्या आहेत, मग मुले का शिकत नाहीत, असा सवाल सुखवस्तू लोक मोठ्या निरागसपणे करतात. त्यांनी हा साधा हिशेब करून पाहावा. महिना पंधरा हजारांची नोकरी तीन वर्षे नाकारली, तर घरात न आलेली रक्कम ५ लाख ४० हजार रुपये होते. गरीब मुलाने पदवीसाठी मोजलेली खरी किंमत ती ही. कॉलेजचे शुल्क हा तिच्यातला लहानसा तुकडा होय. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल व मागासवर्गीय कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने २०२४ साली घेतला. तो स्वागतार्हच आहे. परंतु शुल्क माफ झाले म्हणून घरभाडे माफ होत नाही, वाण्याची उधारी माफ होत नाही, लोकलचा पास माफ होत नाही. कॉलेज सोडून कामाला लागलेल्या मुलास 'त्याला शिक्षणाची आवडच नव्हती' असे जे म्हणतात, ते त्या मुलावर घोर अन्याय करतात.

मग हाती येईल ती नोकरी डोळे मिटून पत्करावी काय? तसेही आम्ही म्हणणार नाही. आमच्या मुंबईला ह्या बाबतीत एक कडू अनुभव आहे. एके काळी गिरणगावातला मुलगा बापाच्या वा चुलत्याच्या ओळखीने गिरणीच्या फाटकावर बदली कामगार म्हणून उभा राही आणि पुढे कायम होई. त्याला कोणी दाखला विचारीत नसे. पगार चालू होई, लग्न होई, गावी पैसे जात. शाळा का सोडलीस हे विचारण्याची कोणास गरज वाटत नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि तो संप अखेरपर्यंत यशस्वी झाला नाही. पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या. ज्याला एकच यंत्र चालविता येत होते त्याच्या हातून ते यंत्र गेले, तेव्हा त्याच्यापाशी बाजारात मांडावयास दुसरे काही उरले नाही. कोणी पहारेकरी झाला, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी गावची वाट धरली.

आजची गिरणी म्हणजे मालाची गोदामे आणि घरोघर सामान पोचविणारी दुचाकी. तेथे काम करणाऱ्याचे कष्ट प्रामाणिक आहेत. त्यांस आम्ही कमी लेखीत नाही. परंतु पहिल्या दिवशी जी पिशवी पाठीवर घ्यावयाची तीच दहाव्या वर्षी घ्यावयाची, आणि दहा वर्षांच्या अनुभवाला बाजारात पहिल्या दिवसापेक्षा अधिक भाव नाही, तर त्या नोकरीत माणूस झिजतो, वाढत नाही. काम शिकविणारी नोकरी आणि नुसते राबविणारी नोकरी यांतला हा भेद अठराव्या वर्षी ध्यानात येत नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी येतो, तेव्हा पायांत संसाराची बेडी पडलेली असते.

तेव्हा आमचे म्हणणे स्पष्टच सांगतो. वैद्यक, अभियांत्रिकी, परिचर्या अशा अभ्यासक्रमाची सरकारी वा अनुदानित संस्थेतील जागा ज्याला मिळाली असेल, त्याने ती नोकरीपायी सोडू नये. हे शिक्षण घरबसल्या घेता येत नाही आणि गेलेली जागा सहसा परत येत नाही. कर्ज काढावे, शिष्यवृत्तीसाठी उंबरठे झिजवावेत, नातेवाइकांपुढे हात पसरावा लागला तरी पसरावा. परंतु केवळ 'कॉलेजात जातो' असे सांगता यावे म्हणून कोठेतरी नाव घालावयाचे, तेथे तासही धड व्हावयाचे नाहीत आणि इकडे घर मात्र उपाशी, अशी स्थिती असेल, तर त्या मुलाने खुशाल नोकरी धरावी. तीत शरमिंदे होण्यासारखे काहीही नाही.

मात्र नोकरी धरण्यापूर्वी ती पारखून घ्यावी. नियुक्तिपत्र लेखी मिळते की नाही? २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आलेल्या श्रमसंहितांनी ते देणे मालकांवर बंधनकारक केले आहे. कामाचे तास ठरलेले आहेत की मालकाच्या लहरीवर? आठवड्याची सुट्टी मिळते काय? दोन वर्षांनी हाताला नवे काय येईल? आणि नोकरीसाठी आगाऊ पैसे मागणारा किंवा मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवणारा मालक भेटला, तर आल्या पावली परत फिरावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, नोकरी धरली तरी शिक्षणाचा धागा तोडू नये. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ पासून कामकरी माणसांसाठीच चालले आहे. मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाने मिळविलेली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली जाहीर केले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने एक वर्ष पुरे करणारास प्रमाणपत्र, दोन वर्षांस पदविका आणि तीन वर्षांस पदवी अशी पायरी-पायरीची सोय सांगितली, आणि मिळविलेली श्रेयांके पेढीतल्या ठेवीप्रमाणे सात वर्षांपर्यंत जमा राहू शकतात. परंतु ज्याने नावच घातले नाही त्याचे खातेही नाही. 'पुढल्या वर्षी पाहू' असे म्हणून जे कामाला लागतात, त्यांतील फार थोड्यांचे ते पुढले वर्ष उगवते. म्हणून नोकरीच्या पहिल्याच पगारातून नाव नोंदवावे.

येथवर आम्ही मुलांना सांगितले. पण सगळा उपदेश मुलांनाच करून मोकळे होणे हा अप्रामाणिकपणा होईल. नेहमीच्या कॉलेजात शेकडा ७५ हजेरीचा नियम आहे आणि मालकाला पुऱ्या दिवसाचा माणूस हवा आहे. मग दोन्ही साधू पाहणाऱ्या मुलाने कोणाशी तरी खोटे बोलल्यावाचून गत्यंतर नाही! ही अडचण नवी नव्हे. ती सोडविणारी माणसे ह्याच महाराष्ट्रात होऊन गेली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, तेव्हा दिवसा नोकरी करणाऱ्यांस शिकता यावे म्हणून त्याचे वर्ग सकाळी ठेवले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज काढून 'कमवा आणि शिका' हे तत्त्व उच्च शिक्षणात उतरविले. काम करणारा माणूस मोकळा केव्हा असतो, हा प्रश्न ह्या थोरांनी आधी विचारला आणि मग शाळेची घंटा बांधली. आजची विद्यापीठे घंटा आधी बांधतात आणि ती ज्याला ऐकू जात नाही त्याला गैरहजर मांडतात.

म्हणून विद्यापीठांस आणि सरकारास आमचे सांगणे आहे की, प्रत्येक औद्योगिक शहरात आणि तालुक्याच्या गावी निदान एका कॉलेजात सकाळचे वा संध्याकाळचे पूर्ण वर्ग चालवावेत. नोकरीचा दाखला देणाऱ्या विद्यार्थ्यास हजेरीत रीतसर सवलत द्यावी आणि त्याच्या कामाच्या अनुभवाला श्रेयांके द्यावीत. धोरणात दारे उघडी ठेवून भागत नाही. त्या दारापर्यंत पोचण्याची वेळ माणसाच्या दिवसात उरली पाहिजे.

उद्योगपतींनाही अंग झटकता येणार नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील नियमांनुसार तीस वा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावयाचे असतात. ही संख्या कागदावर भरण्यापुरती न राहता तेथे खरोखरच कसब शिकविले जावे. शिकणाऱ्या कामगाराला ठरलेली पाळी आणि परीक्षेपुरती रजा दिल्याने कोणाचा कारखाना बुडत नाही. कुशल माणसे मिळत नाहीत अशी हाकाटी करणारांनी आपल्या दारातला पोरगा कुशल व्हावा म्हणून एवढे तरी करावे.

आणि शेवटी आईबापांस दोन शब्द. मुलगा कॉलेज सोडून कामाला लागला तर तो घरचा कमावता होतो. मुलीने कॉलेज सोडले की घरात लग्नाच्या गोष्टी सुरू होतात. म्हणून मुलीच्या बाबतीत नोकरी असो वा कॉलेज, जे तिला तिच्या पायांवर उभे करील तेच निवडावे, आणि दोहोंपैकी एकही नाही असा दिवस तिच्यावर येऊ देऊ नये. थोरल्याच्या पगारावर धाकटी भावंडे शिकतात, ही आपल्या घरांची जुनी रीत आहे आणि तिच्यात मोठे प्रेम आहे. पण थोरल्याचा सगळा पगार घरात घेऊ नका. त्यातून त्याच्या शुल्काचे आणि पुस्तकांचे पैसे आधी बाजूला काढा. धाकटा पदवीधर होऊन कमावता झाला की थोरल्याची शिकण्याची पाळी परत आली पाहिजे. ती पाळी बहुतेक घरांत कधीच येत नाही, आणि थोरला ते बोलूनही दाखवीत नाही!

आमच्या मते एक तारखेला कामावर हजर होणारा तो मुलगा शिक्षणाच्या शर्यतीतून पळालेला नाही. त्याने घराचा भार उचलला आहे. त्याची पुस्तके त्याच्यासाठी उघडी ठेवण्याचा भार आता विद्यापीठांनी, मालकांनी आणि सरकारने उचलावा. तो त्यांनी उचलला नाही, तर पुढल्या मे महिन्यातही टक्क्यांचा उत्सव होईल, पेढे वाटले जातील, आणि हजारो हुशार मुले गुणपत्रिका पेटीच्या तळाशी घालून मुकाट्याने कामावर निघून जातील.