कार्ड ‘पास’ झालं, पण लिमिट ओलांडली: ६४९ रुपयांच्या मागचं शेकडा पावणेचारचं गणित

टेंभुर्णीच्या एका टेम्पोवाल्याने दिवाळीच्या तोंडावर गाडीचे दोन टायर बदलले. बिल झालं १३,००० रुपये. निम्मे रोख दिले, उरलेल्या ६,५०० साठी क्रेडिट कार्ड मशीनला लावलं. कार्ड पास झालं, पावती निघाली आणि भाऊ केळीचा माल भरायला निघून गेला. पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटात एक नवी ओळ दिसली: ओव्हरलिमिट फी ५५० रुपये, त्यावर जीएसटी ९९ रुपये. एकूण ६४९.

कार्डाची मर्यादा ५०,००० रुपये. आधीची बाकी ४६,२०० होती, टायर धरून ती ५२,७०० झाली. म्हणजे मर्यादा ओलांडली २,७०० रुपयांनी. तेवढ्यासाठी ६४९ रुपये, म्हणजे जवळपास २४ टक्के. त्याचं म्हणणं अगदी साधं आहे. “लिमिट संपली होती तर कार्ड पासच कसं झालं? मशीनने नाही म्हटलं असतं तर मी टायरवाल्याकडं आठ दिवसांची उधारी केली असती. तो काय अनोळखी हाय का?”

प्रश्न रास्त आहे. आणि नियम त्याच्या बाजूने आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी क्रेडिट कार्डांसाठी सविस्तर नियमावली काढली. त्यात स्पष्ट म्हटलंय की ग्राहकाला कळवलेली मर्यादा त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय कधीही ओलांडली जाणार नाही, हे पाहणं कार्ड देणाऱ्याचं काम आहे. ग्राहकाचं नव्हे, कार्ड देणाऱ्याचं. नियमावली १ जुलै २०२२ पासून लागू झाली. बँकांनी तयारीला वेळ मागितला म्हणून हे एक कलम आणि आणखी दोन कलमं १ ऑक्टोबर २०२२ पर्यंत पुढे ढकलली गेली. त्यालाही आता काही वर्षं झाली. तरी स्टेटमेंटात ही ओळ येतेच, आणि आपल्याकडचे बहुतेक लोक ती गपगुमान भरतात.

का भरतात, हे समजायला फार खोलात जावं लागत नाही. स्टेटमेंट इंग्रजीत. कस्टमर केअरला फोन लावला तर आधी दहा मिनिटं गाणं, मग हिंदीत पाठ केलेलं उत्तर. करमाळ्याच्या किंवा माढ्याच्या शाखेत गेलं तर साहेब म्हणतात, कार्डाचं काम इथं होत नाही, वरून होतं. ‘वर’ म्हणजे नेमकं कुठं, ते कुणी सांगत नाही. सहाशे रुपयांसाठी एक दिवसाचा रोजगार कोण बुडवणार?

शुल्काचं दरपत्रकही बघण्यासारखं आहे. अनेक बँका ओलांडलेल्या रकमेच्या अडीच टक्के शुल्क लावतात, पण किमान पाचशे ते सहाशे रुपयांच्या घरात. टेम्पोवाल्याच्या २,७०० रुपयांवर अडीच टक्के म्हणजे साडेसदुसष्ट रुपये. पण किमान रक्कम ५५० असल्यामुळे साडेसदुसष्टचे साडेपाचशे झाले. मोठ्या शहरात दोन-तीन लाखांची मर्यादा असलेल्या माणसाला हे किमान शुल्क फारसं बोचत नाही. तीस, चाळीस, पन्नास हजारांची मर्यादा असलेल्या आपल्या भागातल्या कार्डधारकाला मात्र तेच सगळ्यात महाग पडतं.

‘संमती’ कुठली, कधीची?

टेम्पोवाल्याने तक्रार केली तेव्हा पहिलं उत्तर आलं की अर्ज भरताना तुम्ही संमती दिलेली आहे. खरी गोम इथेच आहे. पेट्रोल पंपावर किंवा मॉलच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या पोराकडे आपण कार्डाचा फॉर्म भरतो. तो म्हणतो लाइफटाइम फ्री आहे, इथं सही करा, इथं ओटीपी सांगा. त्या गठ्ठ्यात कुठेतरी ओव्हरलिमिटचा चौकोन असतो. तो आपण भरला, की त्याने भरला, की आधीच भरलेला होता, हे कुणालाच आठवत नाही.

पण नियमात शब्द आहे ‘स्पष्ट संमती’. संमती घेतली असं सांगणं बँकेकडे असेल तर ती दाखवणंही बँकेकडेच आहे. म्हणून तक्रारीत “मला हे शुल्क मान्य नाही” एवढंच लिहून भागत नाही. ओव्हरलिमिटची संमती मी कोणत्या तारखेला, कशी दिली, ओटीपीने, सहीने की फोनवर, त्याचा पुरावा पाठवा, असं विचारायचं. मर्यादेवर गेलेल्या रकमेत खरेदी किती आणि तुम्हीच लावलेलं व्याज व शुल्क किती, हेही वेगळं करून मागायचं. कधी कधी माणूस महिनाभर एक रुपयाची खरेदी करत नाही आणि बँकेच्याच व्याजाने बाकी मर्यादेच्या वर जाते.

बिलावर ग्राहकाने हरकत घेतली तर जास्तीत जास्त ३० दिवसांत खुलासा, आणि लागू असेल तिथे कागदोपत्री पुरावा देणं बँकेला बंधनकारक आहे. फोनवर बोलणं झालं तरी तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि त्याच दिवशी ईमेल टाका. क्रमांक नसेल तर पुढे काहीच हातात राहत नाही.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. नोव्हेंबर २०२१ पासून देशभर एकच लोकपाल योजना आहे. तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या संकेतस्थळावर करता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. फी नाही, वकील लागत नाही. आणि आपल्या वाचकांसाठी महत्त्वाचं म्हणजे, चंदीगडच्या केंद्राकडे टपालाने किंवा ईमेलने पाठवायची तक्रार कोणत्याही भाषेत चालते. मराठीत लिहिलेला अर्जही चालतो. फक्त आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली हवी, थेट लोकपालाकडे गेलात तर अर्ज परत येतो.

टेम्पोवाल्याचे ६४९ रुपये बावीस दिवसांनी परत आले. पत्रात लिहिलं होतं की ‘सदिच्छा म्हणून, एकवेळ अपवाद’ करत आहोत. संमतीच्या पुराव्याबद्दल एक अक्षर नाही. मला ही भाषा खटकते. हक्काचे पैसे उपकार म्हणून परत करायचे, म्हणजे चूक कबूल करावी लागत नाही आणि शेजारच्या गावात दुसऱ्याचं तेच शुल्क बिनदिक्कत चालू राहतं. जो भांडतो त्याला परत मिळतं, जो भांडत नाही त्याचं जातं.

६४९ परत आले, ५० हजार तिथेच

आता दुसरी बाजू, आणि ती जास्त महाग आहे. शुल्क परत मिळालं म्हणून गडी खूश झाला, पण बाकी पन्नास हजारांच्या आसपासच राहिली. दर महिन्याला तो ‘मिनिमम ड्यू’ भरतो आणि हप्ता गेला म्हणून निश्चिंत असतो.

आपल्याकडे व्याज शेकड्यात मोजायची सवय आहे, तर शेकड्यातच बघू. अनेक कार्डांचा दर महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के आहे. शेकडा पावणेचार, म्हणजे वर्षाला ४५ टक्के. ५०,००० वर महिन्याचं व्याज झालं १,८७५ रुपये. कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटीही लागतो (साध्या कर्जाच्या व्याजावर तो नसतो), तो ३३७ रुपये ५० पैसे. दोन्ही मिळून २,२१२ रुपये ५० पैसे. किमान भरणा पाच टक्के धरला तर २,५०० रुपये. म्हणजे अडीच हजार भरून मुद्दल फिटलं २८७ रुपये ५० पैसे. आणि हे सुद्धा महिनाभर कार्डाला हात लावला नाही तर! जुनी बाकी राहिली की नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत बंद होते, त्यामुळे डिझेल टाकलं की त्याच दिवसापासून मीटर चालू.

तुलनेसाठी एक गोष्ट. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकरी नसलेल्या माणसाकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. शेकडा तीनने देणाऱ्या गावच्या बेकायदा सावकाराविरुद्ध आपण सहकार खात्याकडे तक्रार करतो. शेकडा पावणेचारचं कार्ड मात्र खिशात घेऊन फिरतो, कारण ते चकचकीत आहे आणि त्यावर आपलं नाव छापलंय.

कार्डाच्या व्याजाला कायद्याची मर्यादा नाही का? राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं की वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो आदेश रद्द केला. त्यामुळे व्याजाच्या दरावर ग्राहक मंचात भांडून आज फार काही हाती लागणार नाही. भांडायला जागा आहे ती शुल्कांवर. न भरलेलं शुल्क आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावायला मनाई आहे. उशिराचा दंड आणि थकबाकीची नोंद देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाल्यावरच, आणि दंडही उरलेल्या रकमेवर, पूर्ण बिलावर नाही. स्टेटमेंट घेऊन बसा आणि एवढ्या गोष्टी तपासा.

बाकी उतरवायची तर पहिलं काम फुकटातलं आहे: बँकेच्या ॲपमध्ये ओव्हरलिमिटची सोय बंद करा. ती सापडली नाही तर लेखी कळवा. मग कार्ड घरी कपाटात. शक्य असेल तर बँकेला विचारून बाकी ठरावीक हप्त्यांत बदलून घ्या. पण दर, प्रक्रिया शुल्क आणि मुदत लेखी आल्याशिवाय ‘हो’ म्हणू नका. घरात सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण स्वस्त पडतं. वर्षाला बारा टक्के धरले तरी ५०,००० चे महिन्याला ५०० रुपये, इथं २,२१२ जातायत. अट एकच, कार्ड रिकामं झालं की परत भरायचं नाही. सोनंही गहाण आणि कार्डही भरलेलं, अशी घरं दिसतात. पीककर्ज उचलून कार्ड भरायच्या भानगडीत पडू नये. ते पैसे खतावर गेले नाहीत की पुढचा हंगामच बसतो.

वसुलीवाले ‘सेटलमेंट करा, अर्ध्यात मिटवतो’ म्हणतात तेव्हा मोह होतो. पण सिबिलमध्ये ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. पीककर्जाला सिबिल बघू नका असं मुख्यमंत्र्यांनी बँकांना बजावलं असलं, तरी ट्रॅक्टर, घर किंवा नव्या टेम्पोच्या कर्जाला तो शेरा आडवा येतोच. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. नातेवाइकांना फोन करून बदनामी करणं तर अजिबात चालत नाही. असे फोन आले तर वेळ आणि नंबर लिहून ठेवा, तेही तक्रारीत जोडता येतं.

टेम्पोवाल्याने मागच्या आठवड्यात ओव्हरलिमिट बंद केलं. बायकोच्या पाटल्या गहाण ठेवायच्या की नाही, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही. पुढचं स्टेटमेंट १८ तारखेला येतंय.