नागपूरला नेण्याआधी

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात मराठी घरातल्या कोणाच्या छातीत दुखायला लागलं, की पहिला फोन १०८ ला जात नाही, नागपूरला जातो. भाच्याला, विहीणबाईंना, कोणाच्या तरी साडूला. "तुमच्याकडे हार्टचा चांगला डॉक्टर कोण हो?" मग दोन-तीन नावं येतात, त्यांच्यावर घरात चर्चा होते, आणि पेशंट पलंगावर घामाघूम बसलेला असतो.

सध्या माझं पोस्टिंग रायपूरला आहे. इथल्या मराठी घरांनी मला जे प्रेम आणि पुरणपोळ्या दिल्या, त्यांना स्मरून लिहितो. राग आला तरी चालेल.

नागपूरची ओढ मला कळते. भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडचा कारभार नागपूरकडे पाहून चालला. १९५६ पर्यंत राजधानीही नागपूरच होती. शिक्षण, कोर्ट, सोयरीक, सगळं तिकडेच. पण २००० साली छत्तीसगड वेगळं झालं आणि रायपूर स्वतःच राजधानी झालं. आझाद चौकातून तीन-चार किलोमीटरच्या आत आंबेडकर हॉस्पिटल आहे, ज्याला सगळे अजून मेकाहारा म्हणतात. तिथे हृदयरोगासाठी अ‍ॅडव्हान्स्ड कार्डियाक इन्स्टिट्यूट आहे. टाटीबंधला एम्स आहे. खाजगी कॅथलॅब आहेत त्या वेगळ्याच. आणि गंमत बघा, नवा रायपूरच्या सत्य साई संजीवनी हॉस्पिटलमध्ये दूरदूरच्या राज्यांतून लोक आपली लेकरं हृदयाच्या ऑपरेशनसाठी घेऊन येतात. तिथे पैसे भरायची खिडकीच नाही. लोक इथे येतात, आणि आपण इथून निघतो.

नागपूर सुमारे २९० किलोमीटर. दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा. गाडी कितीही चांगली असली तरी पाच तास धरा. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद झाली, की मागचा स्नायू मिनिटामिनिटाने मरायला लागतो आणि मेलेला स्नायू परत जिवंत होत नाही. म्हणून कॅथलॅब असलेल्या हॉस्पिटलमध्ये पेशंट दारात आल्यापासून ९० मिनिटांत वाहिनी उघडायची, असा दंडक आहे. कॅथलॅब वेळेत गाठता येत नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं. ते बारा तासांपर्यंत देतात, पण त्याचा खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत. आता या हिशोबात साकोली कुठे बसते ते सांगा.

याच पाऱ्यात एक निवृत्त सुभेदारसाहेब राहतात. रोज पहाटे बूढा तलावाला फेरी मारणारा माणूस. गेल्या हिवाळ्यात पहाटे साडेपाचला छातीत दाब आला, डावा हात जड झाला. घरच्यांनी ओव्याचं पाणी दिलं, मग इनो. साडेसहाला नागपूरला फोन. सात वाजता कोणीतरी म्हणालं, आधी पॉलिक्लिनिकचं रेफरल घ्या, नाहीतर ईसीएचएस पैसे देणार नाही. पॉलिक्लिनिक उघडेपर्यंत सगळे थांबले. हॉस्पिटलच्या दारात पोचले तेव्हा सव्वादहा झाले होते. जीव वाचला. पण इकोमध्ये हृदयाची ताकद ३० टक्क्यांवर आली. मी भेटायला गेलो तेव्हा पहिल्या मजल्याच्या जिन्यात दोनदा थांबले आणि मला म्हणाले, "साहेब, मी तर शेप-वन होतो." यांना गोळीने नाही, रेफरलने जखमी केलं.

फौजेत जवानाला गोळी लागली तर त्याच्या गाववाल्याला फोन करून सर्वात नावाजलेला सर्जन कोण हे कोणी विचारत नाही. आधी रेजिमेंटल एड पोस्ट, तिथला आरएमओ रक्त थांबवतो, मग मागे अ‍ॅडव्हान्स ड्रेसिंग स्टेशन, मग फील्ड हॉस्पिटल. पुण्याचं आर्मी कार्डियो थोरॅसिक इन्स्टिट्यूट कितीही मोठं असलं, तरी ते त्या साखळीच्या शेवटी येतं. तीस वर्षं ही साखळी जगलेला सुभेदार घरी आल्यावर ती विसरतो, आणि त्याच्या घरच्यांना ती कोणी शिकवलेलीच नसते.

ईसीएचएसचा नियम तर सरळ आहे. इमर्जन्सीत रेफरल लागत नाही. पॅनेलवरचं हॉस्पिटल जवळ असेल तर उत्तम. नसेल तर जे जवळ आहे तिथे जा, ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवा आणि नंतर बिल लावा. मंजूर दराने पैसे मिळतात, वरचा फरक खिशातून जाऊ शकतो. जाऊ दे! हा नियम २००३ पासून योजनेत असलेल्या माणसाला माहीत नसेल, तर पॉलिक्लिनिकच्या भिंतीवरची फलकबाजी कशासाठी आहे?

आता दुसरी बाजू. जिथे सवड असते, तिथे मात्र आपण धावतो. चढ चढताना सहा महिन्यांपासून छाती भरून येते, थांबलं की बरं वाटतं, असा माणूस तपासणीला जातो आणि संध्याकाळी स्टेंट घालून बाहेर येतो. माझ्या एका जुन्या हवालदाराच्या पत्नीला एका मोठ्या शहरात असंच टेबलावर असतानाच सांगितलं, "आत्ताच टाकून घ्या, नंतरची गॅरंटी नाही." बाहेर नवरा सहीसाठी उभा. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने औषधी स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली, त्याआधी तोच लाखाच्या घरात विकला जात होता. एवढ्यावरून काय ते ओळखा. ३७ देशांतल्या ५,१७९ रुग्णांवरच्या इस्केमिया चाचणीचा निकाल २०२० मध्ये छापून आला. दुखणं स्थिर असेल तर नीट औषधं घेणाऱ्यांपेक्षा स्टेंट किंवा बायपास आधीच करून घेणाऱ्यांचे मृत्यू कमी झाले नाहीत. त्रास कमी होतो, हे खरं. डाव्या मुख्य वाहिनीतला अडथळा, फार कमजोर हृदय, नुकताच आलेला अटॅक, ही माणसं त्या चाचणीत नव्हती, त्यांचा हिशोब वेगळा.

म्हणजे चौकशी करायची वेळ ही. नागपूरच्या भाच्याला फोन करायचा तो आता. अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या. कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत देणं हे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ती सीडी घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जा, हवं तर नागपूरला, हवं तर पुण्याला. डॉक्टरला सरळ विचारा: औषधांवर राहिलो तर काय होईल? जो या प्रश्नावर चिडत नाही आणि कागदावर वाहिनी काढून दाखवतो, तो माझ्या लेखी चांगला हार्टचा डॉक्टर. त्याच्या केबिनबाहेर किती गर्दी आहे आणि तो आपल्या जातीचा आहे का, याने वाहिनी उघडत नाही.

चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाला माझी एक विनंती आहे. गणपतीत एक संध्याकाळ नाटकाऐवजी यासाठी द्या. घराघरात फ्रीजवर चिकटवायला एक कागद छापा: १०८, चोवीस तास कॅथलॅब चालू असणारी जवळची दोन हॉस्पिटलं, तिथे पोचायचा रस्ता, आणि माजी सैनिकांच्या घरी खाली एक ओळ, "रेफरल नंतर". मजकूर मी लिहून देतो, पॉलिक्लिनिकच्या ओआयसींकडून तपासूनही आणतो. सुभेदारसाहेब म्हणालेत, ब्राह्मणपाऱ्यातले कागद ते स्वतः वाटतील. तळमजल्यांवरचे ते, वरचे मजले त्यांचा नातू.