अडवा ती वादाची रक्कम, अख्खे खाते नव्हे

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक, पुणे ग्रामीण
तसेच बारामती व इंदापूर तालुक्यांतील सर्व बँकांचे शाखाधिकारी

विषय : तपासात गोठवलेल्या बँक खात्यांबाबत अडते-व्यापाऱ्यांच्या मागण्या

महोदय,

डाळिंबाचा लिलाव उरकला की अडत्याच्या खात्यात दिसणारी रक्कम त्याची एकट्याची नसते. शेतकऱ्याची पट्टी, हमाल-तोलारांची मजुरी त्यातूनच जाते. भिगवणच्या मासळी बाजारातही तेच. परराज्यातल्या खरेदीदाराने पाठवलेले 4,000 रुपये सायबर फसवणुकीतले निघाले की अख्खे खाते बंद पडते. समजा खात्यात 6 लाख आहेत. उरलेल्या 5 लाख 96 हजारांनी काय गुन्हा केला? बँकेत विचारावे तर 'वरून होल्ड आहे' एवढेच उत्तर.

पोलिसांच्या अधिकाराशी आमचे भांडण नाही. 1930 या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर तक्रार येताच पैसा अडवलाच पाहिजे. उद्या फसणारा आमच्यातलाही असेल. बँक खाते जप्त करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये तापस नियोगी प्रकरणात सांगितले, आणि ते अपील महाराष्ट्र शासनाचेच होते. पण 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 106 जप्तीची खबर तत्काळ दंडाधिकाऱ्यांना द्यायला सांगते. खबर उशिरा दिली म्हणून जप्ती रद्द होत नाही, असा 2024 चा निकाल आहे (आमच्या सोयीचा नाही, तरी लपवत नाही). उशिराचे कारण मात्र अधिकाऱ्याला द्यावेच लागते. गुन्ह्यातून आलेल्या मालमत्तेवर टाच आणायची तर कलम 107 आहे. तिथे न्यायालयाची नोटीस निघते, कारण दाखवायला 14 दिवस मिळतात.

आमची मुख्य मागणी एकच : वादाची रक्कम तेवढी रोखावी, बाकी खाते चालू ठेवावे. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये बँकांना हेच सांगितले.

खाते रोखताच तक्रार क्रमांक, पोलीस ठाणे, तपासी अधिकारी, कलम आणि रक्कम खातेदाराला लेखी कळवावी. हे कळल्याशिवाय त्याच संहितेच्या कलम 503 खाली खाते मोकळे करण्याचा अर्ज तरी कुठे करायचा? तोही बहुधा तपास चालू असलेल्या परराज्यातल्याच दंडाधिकाऱ्यांपुढे. म्हणून बारामती व इंदापूर येथे एकेक अधिकारी नेमून आमची बिले, हिशेबपट्ट्या, काट्याच्या पावत्या स्वीकाराव्यात, त्या परराज्यातील तपासी अधिकाऱ्यांकडे पाठवाव्यात. जबाब शक्यतो व्हिडिओ कॉलवर घ्यावा. गोठवणुकीमुळे धनादेश परत गेल्यास बँकांनी दंड लावू नये.

गोठलेल्या खात्यांची यादी बंद लिफाफ्यात जोडली आहे. चर्चेसाठी वेळ द्यावी.

आपले,
अध्यक्ष व कार्यकारिणी